त्वचेचा कर्करोग : कंबर, तळपाय आणि भाजल्याचे जुने व्रणही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत त्वचेच्या कर्करोगावर अर्धे पान मजकूर आला. ऊन टाळा, सनस्क्रीन लावा, अंगावरच्या तिळांवर लक्ष ठेवा, असा त्याचा एकूण रोख. त्यात चुकीचे काही नव्हते. पण सोबतचे चित्र गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या बाईचे होते आणि सगळा सल्लाही तिच्यासाठीच होता. आमच्या भागातली एखादी बाई ते पान वाचेल, घडी घालून ठेवेल आणि म्हणेल, हे काही आपल्याला होत नाही. तिने तसे म्हणू नये म्हणून लिहिते आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षे ड्रेसिंगच्या खोलीत गेली. जखम धुवायची, पट्टी करायची, टाके काढायचे, पुढच्याला आत बोलवायचे. त्या खोलीत त्वचेचे कर्करोग पाहिले. नाकागालावरचे थोडे होते. कमरेवरचे, गुडघ्यामागचे, टाचेचे जास्त होते. या जागांवर ऊन पडतच नाही.

आधी प्रकार सांगते, कारण त्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे. कातडीच्या वरच्या थरात पेशींच्या रांगांवर रांगा असतात. सर्वांत खालच्या रांगेतल्या त्या बेसल पेशी. तिथे नव्या पेशी जन्मतात आणि वर सरकताना चपट्या होत जातात, त्या स्क्वॅमस पेशी. तळच्याच रांगेत अधूनमधून मेलॅनोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात, त्या कातडीला रंग देतात. यातली कोणती पेशी बिघडली त्यावरून कर्करोगाचे नाव ठरते : बेसल सेल कार्सिनोमा, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आणि मेलॅनोमा. इतरही प्रकार आहेत, पण दुर्मीळ.

बेसल सेल हा त्यातल्या त्यात गरीब. तो बहुतेक चेहऱ्यावर होतो : नाकाच्या बाजूला, पापणीवर, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात. चकचकीत कडेची बारीकशी गाठ येते, मध्ये खड्डा पडतो, खपली धरते, निघते, पुन्हा धरते. सावळ्या कातडीवर ही गाठ पुष्कळदा काळीच असते, त्यामुळे तीळ किंवा मस समजून माणसे वर्षानुवर्षे अंगावर काढतात. तो शरीरात इतरत्र सहसा पसरत नाही. पण जागच्या जागी खोल खात जातो, आणि डोळ्याजवळ असला तर डोळाही जाऊ शकतो. याचे मुख्य कारण ऊनच. उन्हातले अतिनील किरण पेशीच्या डीएनएवर घाव घालतात, पेशी तो दुरुस्त करत राहते, आणि अनेक वर्षांनी कधीतरी दुरुस्ती चुकते. आपल्या कातडीतले मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य हे किरण बऱ्याच अंशी शोषून घेते. म्हणून ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांत बेसल सेल सर्वाधिक आढळतो. आपल्याकडे त्वचेचा कर्करोगच मुळात कमी, आणि अनेक रुग्णालयांच्या नोंदींत पहिला नंबर लागतो तो स्क्वॅमस सेलचा.

या स्क्वॅमस सेलबद्दल मला जास्त बोलायचे आहे. त्यालाही ऊन कारण आहेच. जन्मभर उन्हात राबलेल्या माणसाच्या खालच्या ओठावर तो येतो. पण त्याला दुसरेही एक कारण पुरते : एकाच जागी वर्षानुवर्षे होणारा त्रास. भाजणे, घासणे, चिघळणे, भरणे, पुन्हा फुटणे. कातडी सतत स्वतःला सांधत राहिली की त्या सांधण्यातच एखादी पेशी बिथरते.

हे आपल्याच डॉक्टरांनी फार पूर्वी ओळखले होते. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, आत पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे मडके, धरतात. तिच्या धगीने पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद १८६६ सालची आहे. आणि १९४५ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी कमरेवरच्या एका कर्करोगाची नोंद केली. धोतर रोज त्याच जागी करकचून बांधल्याने कातडी जाड होते, काळवंडते आणि काही जणांत पुढे तिथे कर्करोग होतो, असे त्यांनी दाखवले. त्याला त्यांनी धोतराचेच नाव दिले. खानोलकर हे भारतातल्या कर्करोग संशोधनाचा पाया घालणारे पॅथॉलॉजिस्ट. परळच्या रुग्णालयात बसून त्यांनी आपल्या लोकांच्या कमरेकडे पाहिले, याचे मला फार मोल वाटते. ऐंशीएक वर्षे झाली आणि आपण अजून वाचकांना समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हाबद्दल सांगतो आहोत.

धोतरे गेली. लुगडी आणि परकर आहेत. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून दोन स्त्रियांची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या केस रिपोर्ट्समध्ये छापली. एक सत्तरीची, दुसरी सत्तरीला टेकलेली. दोघींच्याही उजव्या कुशीला, कमरेच्या रेषेवर, न भरणारी जखम. एकीची दीड वर्षाची, दुसरीची दोन वर्षांची. दुसरी बाई चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे कमरेला घट्ट आवळून नेसत होती. तिचा कर्करोग निदान होईपर्यंत जांघेतल्या गाठीत, म्हणजे लसीकाग्रंथीत, उतरला होता. दोघींनाही स्क्वॅमस सेल कार्सिनोमाच होता.

तेव्हा मोबाइलवर 'साडी नेसल्याने कर्करोग' असे संदेश फिरले. त्यांनी नुकसानच केले. बायका घाबरल्या, चार दिवस बोलल्या आणि विसरल्या. साडीचा यात काही दोष नाही. दोष काचाचा आहे. सलवारीची नाडी, करदोटा, घट्ट पट्टा, काहीही रोज त्याच रेषेवर काचत राहिले तर कातडीच्या दृष्टीने ते सारखेच. आणि हेही स्पष्ट सांगायला हवे की हा कर्करोग विरळा आहे. लाखो बायकांच्या कमरेवर नाडीचा काळा वळ असतो आणि तो जन्मभर वळच राहतो. त्या वळावर जखम झाली आणि ती भरेनाशी झाली, तरच पुढचा प्रश्न येतो.

आमच्याकडे हा काच जास्त का, ते कापसाच्या शेतात कळते. वेचणीला गेलेली बाई कमरेला ओटी बांधते. त्यात बोंडातला कापूस पडत जातो, ओटी फुगते, खाली ओढते, आणि तो सगळा ओढा नाडीवर येतो. विळा खोचायचा तो तिथेच. चुन्याच्या डबीची पिशवी अडकवायची तीही तिथेच. घाम, धूळ, फवारणीचे उरलेसुरले औषध हे सगळे त्या एका रेषेत साचते. घरी येऊन आंघोळ केली तरी नाडी पुन्हा त्याच खाचेत बसते, कारण खाच तयार झालेली असते. आणि ती जागा दाखवायची कोणाला? दवाखान्यात पुरुष डॉक्टर, बाहेर गावातलीच माणसे. बाई पोटदुखी सांगते, कंबरदुखी सांगते, जखम सांगत नाही.

एका आजींची जखम मला पक्की आठवते, कारण ती मी स्वतःच्या हाताने कितीतरी वेळा धुतली. उजव्या कुशीवर, साधारण बंद्या रुपयाएवढी. आधी त्यांनी हळद-तेल लावले होते. मग कोणीतरी बिब्बा लावायला सांगितले, त्याने भोवतीची कातडी भाजली. मग मेडिकलमधून सोफ्रामायसिन आणून लावले. शेवटी आमच्याकडे आल्या. नाडी जरा सैल बांधा, असे मी सांगितले तेव्हा म्हणाल्या, "सैल बांधलं त लुगडं घसरते ना बाई. वावरात हात कापसात ठेवू का लुगड्यात ठेवू?" त्यांचे खरेच होते. त्यावर तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. आज आहे, ते पुढे लिहिते.

त्या जखमेची कड बघण्यासारखी होती. चांगली भरत असलेली जखम कडेने भरते. कडेवर फिकट, पातळ, नवी कातडी दिसते आणि ती रोज जराशी आत सरकते. क्षयाच्या जखमेची कड आतून पोखरलेली असते, चिमटा तिच्याखाली सहज शिरतो. या आजींच्या जखमेची कड उचललेली होती आणि बाहेर वळली होती. हातमोजा घालून बोट फिरवले की कडेखाली टणक लागायचे. गॉझ नुसता टेकवला तरी रक्त यायचे. पू कमी, वास जास्त. पुढे पुढे मधला भाग फुलकोबीसारखा वर आला. कागदावर मात्र दर वेळी एकच शेरा पडत होता : 'सीटी ऑल'. म्हणजे चालू आहे तेच चालू ठेवा. पाळीवरचे डॉक्टर बदलत, शेरा बदलत नसे. शेवटी एक तरुण सर्जन बदलून आले. त्यांनी दिवा जवळ ओढला, कड बोटाने दाबून पाहिली, जांघ चाचपली आणि तिथेच भूल देऊन कडेचा तुकडा काढला. अहवाल आला, स्क्वॅमस सेल. गाठीपर्यंत पोहोचला नव्हता. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, मांडीची कातडी काढून कमरेवर लावली. आजी त्यानंतर बरीच वर्षे वावरात जात होत्या.

तुकडा कडेचाच का काढला, तेही वाचकांना कळायला हवे. जखमेचा मधला भाग मेलेला, सडलेला असतो. तिथला तुकडा तपासला तर अहवालात नुसती सूज लिहून येते आणि सगळे निर्धास्त होतात. जिवंत, वाढणारा कर्करोग कडेला असतो. आणि मोठ्या जखमेत एकाच जागचा तुकडा पुरत नाही. म्हणून एकदा अहवाल चांगला आला आणि तरीही जखम भरली नाही, तर पुन्हा तुकडा द्यायला हवा. तसे डॉक्टरांना म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहे.

भाजल्याच्या व्रणाचे तर आपल्याकडे कोणी नावच घेत नाही. रॉकेलच्या स्टोव्हने, चुलीने, आंघोळीच्या उकळत्या पाण्याने भाजलेल्या किती बायका, किती मुली आपल्या गावांत आहेत. त्या काळी कातडी लावायला कोण नेणार? जखम आपोआप भरू दिली जाई. कोपर, गुडघ्याची मागची बाजू, काख, मान इथे ती आखडून भरते. मग खाली बसले, वाकले की तो ताणलेला व्रण चिरतो, भरतो, पुन्हा चिरतो. अशा व्रणात कर्करोग उगवायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. फ्रेंच सर्जन मार्जोलँ यांनी १८२८ साली व्रणातल्या अशा जखमांचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. उन्हाने होणाऱ्या स्क्वॅमस सेलपेक्षा व्रणातला जास्त पसरतो. लहानपणी चुलीत पाय गेलेली एक बाई चाळिशीत आमच्याकडे आली ती गुडघ्यामागची जखम घेऊन. ती जखम तिच्या सासरी कोणाला नवी वाटलीच नव्हती, कारण लग्न होऊन आली तेव्हापासून ती अधूनमधून फुटायचीच. या वेळी ती वेगळी आहे, हे फक्त तिला कळले होते. पाय मांडीपासून काढावा लागला.

कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या तळपायाच्या जखमाही याच वाटेने जाऊ शकतात. आमचा वर्धा जिल्हा या कामाचा जुना. मनोहर दिवाणांनी दत्तपूरला १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले. रोग औषधाने बरा होतो, पण गेलेली संवेदना परत येत नाही. पायाला खडा बोचलेला कळत नाही, जखम होते, आणि वर्षानुवर्षे तशीच राहते. त्यातल्या काहींत पुढे मांस वाढू लागते. 'जुनीच जखम आहे' हे वाक्य मला म्हणूनच फार धोक्याचे वाटते.

आता मेलॅनोमा. तिघांत जीवघेणा तोच. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पिंढरीवर, उघड्या अंगावर येतो आणि उन्हाशी त्याचे नाते आहे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली येतो. या जागांचा रंग मुळातच फिका असतो आणि इथल्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नाही. मग सनस्क्रीन लावून त्याला अडवणार कसे? तो अडवायचा म्हणजे लवकर पाहायचा. टाचेवर काळा डाग उमटला, त्याची कड वेडीवाकडी आहे, रंग एकसारखा नाही, काही महिन्यांत तो पसरला, किंवा नखात उभी काळी रेघ आली, ती रुंदावते आहे आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला आहे, असे दिसले तर थांबू नये. मेलॅनोमा कातडीत किती मिलिमीटर खोल गेला आहे यावर माणसाचे पुढचे आयुष्य ठरते. एक मिलिमीटरच्या आत असताना नीट काढला तर बहुतेक जण वाचतात.

आमच्याकडे काय होते? अनवाणी चालणारा शेतकरी टाचेवरच्या काळ्या डागाला काटा मोडला म्हणतो, भोवरी म्हणतो, आणि ब्लेडने घरीच कोरतो. असाच एक गृहस्थ ती कोरलेली जागा भरत नाही म्हणून पट्टीला आला होता. सोबत मुलगा होता, त्याने बापाचा पाय स्वतःच्या मांडीवर धरला होता. जखमेच्या कडेला शाईसारखा काळा रंग अजून शिल्लक होता आणि जांघेत लिंबाएवढी गाठ होती. वर्षभरही तो जगला नाही. टाचेवरचा डाग दोन वर्षांपासून होता, असे मुलानेच सांगितले.

इतर कारणे थोडक्यात. आर्सेनिकचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने तळहात-तळपायांवर खडबडीत गाठी येतात आणि काहींत पुढे कर्करोग होतो. हे पश्चिम बंगालमध्ये मोठ्या प्रमाणावर आहे. आपल्या गडचिरोली-गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातही विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात आर्सेनिक सापडलेले आहे, म्हणून सीमेवरच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे. मूत्रपिंड बदललेल्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात, त्यांना त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्यांच्या कातडीत आणि केसांत जन्मतःच रंग नाही, त्यांच्यासाठी मात्र पुरवणीतला प्रत्येक शब्द लागू आहे. टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन, सावली, सगळे. अशी मुले शाळेच्या मैदानात भर उन्हात कवायतीला उभी केलेली मी पाहिली आहेत. शिक्षकांनी कृपा करून त्यांना सावलीत बसवावे. आणि झेरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा एक जन्मजात आजार आहे, त्यात उन्हाने झालेला घाव पेशीला दुरुस्तच करता येत नाही. अशा मुलांना लहान वयातच चेहऱ्यावर कर्करोग होतात. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच मुलात दिसतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे, म्हणून हे लिहिले.

आजींना देता आले नव्हते ते उत्तर. परकराचा नेफा रुंद शिवून घ्यावा आणि त्यात बारीक दोरीऐवजी तीन-चार बोटे रुंद कापडी पट्टा ओवावा. बाजारातल्या तयार परकरात जी सुतळीएवढी दोरी येते ती काढून टाकावी. पट्टा रुंद असला की तेवढाच ताण जास्त जागेवर वाटला जातो, लुगडे घसरत नाही आणि काच कमी होतो. गाठीची बाजू बदलत राहावी, आज उजवीकडे तर उद्या डावीकडे. घरी आल्यावर नाडी सैल करावी, रात्री तर नक्कीच. वळावर खाज, सालपटे, पांढुरके किंवा काळे जाड चट्टे दिसू लागले तर त्या रेषेवर काही दिवस काहीच आवळू नये, गाऊन घालावा. यासाठी सुनेला किंवा लेकीला आजीची कंबर आठवड्यातून एकदा पाहू द्यावी. पाठीला साबण लावताना नजर टाकली तरी होते.

गावात अजून ऐकू येणारे एक वाक्य आहे : "सुरी लागली की कॅन्सर पसरतो." याच्यामुळे किती माणसे तुकडा न देता दवाखान्यातून उठून गेली. तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढल्याने हा कर्करोग पसरत नाही. पसरतो तो वेळ गेल्याने. माणूस आधी घाबरून सहा महिने घालवतो, मग नाइलाजाने येतो, तेव्हा गाठी उतरलेल्या असतात. शस्त्रक्रियेनंतर तो दगावला की गाव म्हणते, बघा, सुरी लावली आणि गेला. मस आणि चामखिळी घोड्याच्या केसाने आवळणे, चुना लावून जाळणे, बिब्बा लावणे हेही थांबायला हवे. त्याने आतले राहते, वरचे जळते आणि डॉक्टरला मूळ रूप दिसत नाही. पैशांची काळजी असेल त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया त्यात बसतात. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालये आमच्या जिल्ह्यातच आहेत.

मुख्य मागणी आरोग्य खात्याकडे आहे. आपल्याकडे कुष्ठरुग्ण शोध मोहीम होते. आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक घरोघरी जातात, बायका बायकांचे आणि पुरुष पुरुषांचे अंग पाहतात, चट्टा आहे का, बधिरपणा आहे का विचारतात. तीस वर्षांवरच्या सर्वांसाठी आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्यातही कातडीवरचा चट्टा, तळव्यावर वारंवार होणारी जखम असे प्रश्न कुष्ठरोगासाठी आहेतच. म्हणजे माणूस दारात पोहोचलेला आहे, अंग पाहिले जाते आहे, कागद भरला जातो आहे. त्याच वेळी आणखी तीन जागा पाहायला सांगा : कमरेची रेषा, तळपाय आणि नखे, आणि भाजल्याचे जुने व्रण. प्रश्न एकच विचारायचा, इथे सहा आठवड्यांत न भरलेली जखम किंवा नव्याने वाढणारा काळा डाग आहे का? यासाठी वेगळा कर्मचारी नको, वेगळी गाडी नको. प्रशिक्षणात अर्धा तास आणि चार रंगीत छायाचित्रे पुरतील, ती सावळ्या कातडीची असावीत.

दुसरी मागणी प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे आणि ग्रामीण रुग्णालयांकडे. ड्रेसिंगच्या रजिस्टरमध्ये जखम पहिल्यांदा कधी दिसली, ती तारीख लिहिण्याचा रकाना हवा. आज तिथे नाव, वय आणि औषध असते, त्यामुळे ही पट्टी कितव्या महिन्यातली हे कोणालाच कळत नाही. सहा आठवडे उलटून गेलेल्या जखमेला 'सीटी ऑल' लिहिण्याआधी तिचा तुकडा तपासायला गेला पाहिजे, आणि तसे न झाल्यास परिचारिकेला डॉक्टरांकडे तो कागद परत नेण्याचा लेखी अधिकार हवा. जखम सर्वांत जास्त वेळा तीच पाहत असते.

आणि एक विनंती आपल्याकडे. त्या विषयावर पुन्हा पान काढाल तेव्हा चित्र आपल्या माणसाचे छापा. टाचेवरचा काळा डाग कसा दिसतो, बाहेर वळलेली कड कशी दिसते, नाडीच्या वळावरची जखम कशी दिसते, हे दाखवा. आमच्या भागात बायका वर्तमानपत्र वाचतात त्यापेक्षा चित्र पाहून शेजारणीला दाखवतात जास्त. छायाचित्रांसाठी कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग किंवा शल्यचिकित्सा विभागाकडे विचारणा करता येईल. कापसाची वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते. त्याच्या आधीच्या एखाद्या रविवारी हे पान आले तर उपयोग जास्त होईल.

कळावे,
आपली वाचक,
एक निवृत्त परिचारिका, जि. वर्धा